वाणातलं इंजेक्शन

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कोणी इंजेक्शन वाटेल, असं सांगलीच्या पारिजात सोसायटीतल्या बायकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण चेहरे सुंदर करणारे डॉक्टर शेडबाळे स्वतः हॉलवर हजर झाले. दोन भुवयांमधली आठी कातडीखाली फिलरची जेल भरून घालवायची, आणि पहिल्या बाईला तर आत्ता, इथेच, फुकट. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरबाई सुई भरून उभ्याच होत्या.

"यात धोका काय?" विजयमाला कुंभोजकरांनी विचारलं. या बाई फुकटचा पेढासुद्धा आधी हुंगून बघायच्या.

"धोका कसला? कपाळाला कुंकू लावण्यासारखं आहे," डॉक्टर आठी घालून म्हणाले.

विजयमालाबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "आमच्यात कुंकू लावणारीलाही उलट कुंकू लावायची रीत आहे. तुमची आठी माझ्यापेक्षा खोल दिसते. आधी तुम्ही बसा, मग लगेच मी बसते."

बायकांनी मान डोलावली. डॉक्टरबाई भाबडेपणाने सुई घेऊन पुढे आल्या, तसा डॉक्टरांनी कपाळावर हात धरला. "अहो, तिथं नको. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. चुकून आत गेलं तर दृष्टी जायची. मला ऑपरेशनं करायची असतात."



"अस्सं," विजयमालाबाई म्हणाल्या. "आणि आम्हाला डोळे काय नुसते काजळ घालायला दिलेत?"