दारात उठणारी गाडी

कोल्हापुरात रणधीर सरकार म्हणजे केवढं प्रस्थ! पण त्यांची नवीकोरी स्पोर्ट्स कार त्यांच्याच दारातल्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून अडकली. तो टेकाडाएवढा स्पीडब्रेकर सरकारांनीच घातलेला, बंगल्यापुढनं प्रत्येकानं अदबीनं जावं म्हणून. तो फोडला तर अब्रूच गेली!

"गाडी जमिनीला टेकल्यागत दिसली पाहिजे, पण घासली नाही पाहिजे," त्यांनी शालन मिस्त्रीणीला बजावलं. "तुझ्या गॅरेजची जागा माझी हाय, ध्यानात ठेव."

शालननं चाकांवरच्या स्प्रिंगा काढून तिथं बटणानं फुगणारे हवेचे फुगे बसवले. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, गल्ली जमली, सरकारांनी बटण दाबलं. फुस्स! गाडी वीतभर उठली, स्पीडब्रेकर ओलांडून पुन्हा खाली बसली. गल्लीनं शिट्ट्या मारत शालनला डोक्यावर घेतलं.

सरकारांना ते कसं पचणार? "माझी गाडी कुणासाठी उठत नसते! जागा रिकामी कर!"

"सरकार, दार कुणाचं?" शालन म्हणाली. "तुमच्या दारात अख्खं कोल्हापूर उठून उभं राहतं. गाडीनंच तेवढं बसून राहायचं व्हय?"

सरकारांची छाती त्या फुग्यांहून फुगली. जागा राहिली.

आता सरकार घरी आले की गाडी उठते, आणि गल्ली हसू लपवायला खाली वाकते. सरकारांना वाटतं, मुजराच!