ओव्हनसमोरची समाधी

“आक्का, ही समाधीच ना?”

अभिरामने विचारलं खरं, पण उत्तर त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. यमुनाक्कांनी नुसतं ‘हो’ म्हणायचं बाकी होतं.

आक्का गाडीच्या पायरीवर बसून करपलेल्या पावांची बुडं सुरीने खरवडत होत्या. त्यांना ना मठ, ना आश्रम. एक जुनी घरगाडी, तिच्यात झोपायला बाक, पुस्तकांची फळी आणि गॅसवर चालणारा लहानसा ओव्हन. गावोगाव फिरायचं, संध्याकाळी चार शब्द बोलायचे आणि गाडीत भाजलेला पाव प्रसाद म्हणून वाटायचा. पेढा विरघळून जातो, पाव चावावा लागतो, असं त्या म्हणत.

अभिराम त्यांचा शिष्य. ग्रंथ तोंडपाठ, आवाज गोड, आणि आता गुरूची विद्या गुरूलाच शिकवायची वेळ आली आहे अशी मनातल्या मनात खात्री. आज समाधीवर शिक्कामोर्तब झालं की संध्याकाळचं प्रवचन त्याचं, आणि उद्यापासून वाट वेगळी. त्यासाठीच तर तो इतकी वर्षं आक्कांची गाडी पुसत आला होता.

“काय झालं ते नीट सांग.”

“सकाळी पाव ओव्हनमध्ये ठेवले आणि समोरच आसन घातलं. पठारावर वारा नुसता घोंघावत होता. पण आत... आत सगळं शांत. हात गेले, पाय गेले. विचार एकेक करून विझले. मी असा कुणी उरलोच नाही, आक्का.”

“वारा होता म्हणतोस. ओव्हन विझला नाही?”

“दोनदा विझला. म्हणून मग खिडक्या लावून घेतल्या. छतावरचं झाकणसुद्धा.”

सुरी थांबली.

आक्कांच्या गाडीत नियम एकच होता. आधी खिडकी, मग काडी. अभिरामला तो म्हातारपणचा चक्रमपणा वाटायचा.

“डोकं दुखतंय?”

“ठणकतंय. शक्ती वर चढली की...”

“मळमळतंय?”

“जरासं. ग्रंथातही तसं...”

“ग्रंथ राहू दे.”

आक्का उठल्या. आतून मेणबत्तीचा तुकडा आणि काचेची रिकामी बरणी घेऊन आल्या. मेणबत्ती पायरीवर चिकटवली, पेटवली आणि तिच्यावर बरणी उपडी घातली.

ज्योत आधी सरळ उभी राहिली. बाहेर एवढा वारा, पण ती जराही हलली नाही. मग बारीक झाली, निळी झाली...

विझली.

“बघ,” आक्का म्हणाल्या, “हिलाही लागली.”

अभिराम हसला. मग त्याचं लक्ष गाडीच्या खिडक्यांकडे गेलं. आता त्या सताड उघड्या होत्या. त्याने स्वतः तर उघडल्या नव्हत्या. तो खाली बसला.

“म्हणजे मी... गेलो असतो?”

“निघालाच होतास.”

“तुम्हाला अंतर्ज्ञानाने कळलं?”

“नाकाने कळलं. पाव करपल्याचा वास आला म्हणून दार उघडलं, तर तू आडवा. काखेत हात घालून ओढत आणलं तुला. बराच जड आहेस.”

अभिराम घाबरला, अगदी मनापासून घाबरला. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मरण टळल्याच्या आनंदापेक्षा समाधी हातची गेल्याचं दुःख त्याला अधिक झालं.

“पण ते सुख, आक्का? ते काय खोटं होतं?”

“असेल खरं. मला एक सांग. दाराबाहेर आणल्यावर तू पहिला श्वास घेतलास. तो कसा होता?”

अभिरामने डोळे मिटले. आतली शांतता आठवली, विझलेले विचार आठवले, गळून गेलेले हातपाय आठवले. तो श्वास काही केल्या आठवेना.

“नाही आठवत.”

“हं.”

वारा दोघांच्या मधून वाहत होता. अभिरामने छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक. बराच वेळ तो तेवढंच करत राहिला.

“आक्का,” तो अखेर म्हणाला, “आज मी कुठल्या तोंडाने बोलू?”

आक्कांनी पावांची टोपली उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

“चल, आधी खालच्या गावातल्या डॉक्टरांना दाखवू. संध्याकाळी प्रवचन मी देईन, तू पाव वाट. आणि हा करपला कसा, असं कुणी विचारलं, तर ते मात्र तू सांग.”