करंगळीएवढी फट

“अजून कुठं कमी आहे, बाई? नीट बघून सांगा.”

हेरंब तुळपुळेने हे विचारलं, तेव्हाही त्याच्या हातातला पॉलिश पेपर थांबलेला नव्हता.

कालिंदीबाई गुप्ते शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. माळावरच्या या धावपट्टीवर त्यांनी कितीतरी जणांना उडायला शिकवलं होतं, हेरंबलाही. आता त्याने स्वतःच्या हातांनी एक छोटं विमान बांधलं होतं. ते उडवून पाहण्याच्या परवानगीची मुदत आज सूर्यास्ताला संपत होती. आणि हा गृहस्थ अजून इंजिनावरचं झाकण, विमानवाले ज्याला काउलिंग म्हणतात, तेच घासत उभा होता.

घासायचं, खड्ड्यांत लांबी भरायची, रंग द्यायचा. रंगात टाचणीएवढं भोक दिसलं की पुन्हा घासायचं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे विघ्नं नवरदेवच शोधून आणत होता.

“ही फट बघा,” तो म्हणाला. “नाकावरच्या पंख्याची ही टोपी आणि काउलिंग, मध्ये कागदसुद्धा शिरणार नाही!”

“करंगळी जाईल एवढी ठेव म्हटलं होतं.”

“ती वाईट दिसते.”

बाईंनी नुसती करंगळी वर केली.

“दिसते ना पण!”

“चालू कर,” बाई म्हणाल्या.

चाकांना ओंडके लावलेले होतेच. हेरंब आत बसला. इंजिन खोकलं, अंग झटकून सुरू झालं, आणि पुढून कर्रकन आवाज आला. त्याने घाईने बंद केलं.

उतरून पाहिलं, तर टोपी काउलिंगला घासली होती. चकचकीत रंगावर लांबलचक पांढरा ओरखडा. हेरंबला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

“इंजिन रबरावर बसवतात,” बाई म्हणाल्या. “ते थरथरणारच. त्याला जागा कुठं ठेवलीस?”

त्यांनी कानस पुढे केली.

हेरंबने काउलिंगची कड कानसली. मनातल्या मनात बाईंना काय काय बोलला असेल, ते त्यालाच ठाऊक. करंगळी आत जायला लागली, तेव्हा ऊन कललं होतं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. सगळं नाक थरथरत होतं, पण कुठे काही लागत नव्हतं.

बाई मागच्या बाजूने येऊन त्याच्या बैठकीपाशी वाकल्या. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, “पट्टी मोकळी आहे. ओंडके काढते. जा!”

हेरंब हलला नाही.

“तो ओरखडा एकदा रंगवून...”

“हेरंब.”

त्याने दोन्ही हात वर केले. मग एकदम ओरडला, “भीती वाटते, बाई! हे हात बघा माझे. यांची थरथर थांबू दे, लगेच जातो. शपथ!”

बाईंनी ते हात पाहिले...

मग आत हात घालून त्यांनी इंजिन बंद केलं.

पंखा एक गिरकी घेऊन थांबला. माळावर सामसूम झाली. विमानाचं नाक आता जरासुद्धा हलत नव्हतं.

“थांबली थरथर,” बाई म्हणाल्या. “उडव आता.”