मनोऱ्याच्या पायथ्याशी शर्वरी

"तिला समजावत बसू नकोस. प्रमाणाला उभी राहते, तेवढं पुष्कळ आहे."

खरवंडीकर सर हे निनादला हळूच म्हणाले होते. पण इटलीतल्या सिएना शहराच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती. पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या शर्वरीला सगळं ऐकू गेलं.

ती तशीच वळण घेऊन पुढे गेली. नव्या नवरीनं बोलू नये असं कुणी बजावलं नव्हतं. मुळात उलट बोलायची सवयच नव्हती.

लग्नानंतरचा निनादबरोबरचा हा पहिलाच प्रवास. सर म्हणजे निनादचे आर्किटेक्चरचे गुरू. त्यांच्याशिवाय मध्ययुगीन शहर बघणं म्हणजे चष्म्यावाचून पोथी वाचणं, असं निनादचं मत. म्हणून तिकिटं तिघांची निघाली.

इमारतीचा फोटो काढताना पायथ्याशी माणूस हवा, तरच उंचीचं प्रमाण कळतं, ही सरांची शिकवण. त्यामुळे वेशीखाली शर्वरी, कॅथीड्रलच्या काळ्यापांढऱ्या खांबापाशी शर्वरी. सगळीकडे मुंगीएवढी. एका फोटोत तिचे डोळे मिटले होते. सर म्हणाले, चालेल, डोळ्यांनी उंची बदलत नाही.

फोटो बघून आईनं फोनवर विचारलं होतं, यात तू कुठं आहेस गं?

गल्ली संपली आणि मोठा चौक आला. विटांचा, शिंपल्यासारखा उतरता. माणसं उन्हात खुशाल आडवी झालेली. उताराच्या तळाशी मनोरा.

"सांग निनाद," सर म्हणाले, "माणूस मोठा, की मनोरा?"

"मनोरा, सर."

"चूक."

"मग... माणूस?"

"तेही चूक."

सरांनी डोळे मिटून घेतले. उत्तर लांबवणं त्यांना आवडे.

निनादनं शर्वरीकडे बघून नुसती मान हलवली. जा, उभी राहा.

ती उतार उतरून गेली. मनोऱ्याला पाठ लावून उभी राहिली. वर निनादनं फोटोसाठी फोन उचलला...

शर्वरी चालू लागली. सरळ फोनच्या दिशेनं.

निनाद हातानं मागे, मागे करत राहिला. ती येत राहिली. फोनमध्ये तिचं डोकं मनोऱ्याच्या खिडक्यांना लागलं, मग वरच्या पांढऱ्या माथ्याला. मग मनोरा दिसेनासा झाला.

"अगं, सगळा झाकलास," निनाद वैतागला. "सर, तुम्ही तरी सांगा हिला."

सरांनी फोनकडे पाहिलं. मग तिच्याकडे...

"मनोरा होता तिथंच आहे, सर," शर्वरी म्हणाली. "मी जवळ आलेय."