फक्त मागचा रंग

"...पण चाचा, मी फक्त मागचा रंग बदलला. मग बाईंचा चेहरा का निळा पडला?"

बाबालालचाचांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडं पाहिलं. मग शलाकाकडं.

"तू त्यांना वेगळं काढलंस?"

"नाही."

"मग मशीनला काय कळणार, बाई कुठं संपली आणि भिंत कुठं सुरू झाली ते?"

चाचांचं विट्यात फ्लेक्सचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी हातानं बोर्ड रंगवले आणि ब्रशचे दिवस सरल्यावर उतारवयात माउस धरला. शलाका त्यांच्याकडं शिकायला येऊन सव्वा महिना झाला होता. ती एम.एस्सी., लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेली. रंग म्हणजे काय, हे तिनं फळ्यासमोर उभं राहून तासभर सांगितलं असतं. पडद्यावरच्या रंगाला मात्र तिच्या डिग्रीचं काही सोयरसुतक नव्हतं.

सकाळीच चाचा म्हणाले होते, "आजचं काम एकटीनं कर. जमलं तर उद्यापासून कामावर."

आणि सकाळीच सासूबाई म्हणाल्या होत्या, "काम का घर, या महिन्यात काय ते ठरव. पोर रोज उंबऱ्याकडं बघत बसते. मला नाही बघवत."

पोर म्हणजे सई. पावणेदोन वर्षांची.

काम साधं होतं. जवळच्या गावच्या सरपंच उज्ज्वला सुर्वे आठ दिवसांच्या तापात गेल्या. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स याच दुकानात झाला होता. तोच घेऊन त्यांचे यजमान अर्जुनराव बाकावर बसले होते.

"नवीन काही नको, मॅडम. शुभेच्छांच्या जागी श्रद्धांजली करा. फोटो तोच. फक्त मागचा रंग बदला, गुलाबी बरा दिसत नाही."

"दुसरा फोटो नाही का? घरातला?"

"एकटीचा नाही. आणि माझा फोटो जरा मोठा घ्या. पोटनिवडणूक लागंल आता."

मागचा गुलाबी वरून खाली येता येता पिवळा होत गेला होता. निळ्याचा नाद सोडून शलाकानं त्यावर राखाडी ओतला. तो तीन ठिकाणी सांडला आणि मध्ये गुलाबीचे पट्टे तसेच राहिले, पोपडे आलेल्या भिंतीसारखे.

"ओततेस काय?" चाचा मागून म्हणाले. "डोसा आहे का तो?"

"मग काय करू?"

"वरचं टोक दे. खालचं टोक दे. मधे हात घालू नको."

"मधला रंग कोण देणार?"

"मधल्याला कुणी द्यायचा नसतो..."

शलाकानं मान डोलावली. कळलं नव्हतं. वर्गात तिची पोरं अशीच मान डोलवायची, आणि तिला राग यायचा.

तिनं आधी बाईंना वेगळं काढलं. कपाळ, कुंकू, कानामागून निसटलेले केस, हिरव्या साडीचा पदर. कडेकडेनं, श्वास रोखून. मग वर गडद राखाडी दिला, खाली पांढरा. आणि मधलं सगळं आपोआप जुळून आलं. पहाटेचं धुकं उतरावं तसं.

तिला हसू फुटलं. श्रद्धांजलीपुढं हसतोय हे लक्षात येऊन तिनं ते आवरलं.

एकच गोष्ट खटकत होती. बाईंच्या डाव्या खांद्यावर, अगदी कडेला, गुलाबीचे काही ठिपके राहिले होते.

फोन वाजला. सासूबाई.

"सई थांबतच नाहीये रडायची. तुझा आवाज तरी ऐकव."

"आई, दहाच मिनिटं. हातातलं काम आहे."

फोन उलटा ठेवला. पदराचा हिरवा रंग उचलला आणि ठिपक्यांवरून फिरवला. एक, दोन... खांदा साफ झाला.

अर्जुनरावांनी वाकून पाहिलं. आधी स्वतःचा फोटो, मग बाकीचं.

"झकास! आता कसं स्वच्छ दिसतंय. काढा."

ते चहाला गेले. आतल्या खोलीत छपाईचं मशीन घरघरायला लागलं.

"जमलं ना, चाचा?" शलाका म्हणाली. कॉलेजात पहिला तास संपवून स्टाफरूममध्ये आली होती, तेव्हाचा तिचा आवाज परत आला होता.

स्टूल ओढून चाचा तिच्या शेजारी बसले. वाढदिवसाची जुनी फाइल उघडली आणि डावा खांदा मोठा केला.

"हे काय होतं?"

"जुना रंग राहिला होता. पुसला."

त्यांनी आणखी मोठा केला.

"मोज."

"चार..."

आणि तिला नखं दिसली.

इवलीशी. एका नखात मळ होता. चारी बोटांनी खांद्यावरचा पदर गच्च धरला होता.

"पोरगं कडेवर होतं," चाचा म्हणाले. "वाढदिवसाला एकटीचा फोटो पाहिजे होता त्यांना. मी पोरगं कापलं. बोटं कापवेनात."

मशीन घरघरत होतं.

"मी परत आणते." तिचा हात माउसकडं गेला. "थांबवा ते मशीन. दोन मिनिटांत आणते."

"कुणासाठी? घरधनी स्वच्छ म्हणून गेला."

"मला रंग वाटला हो, चाचा... मी... माझ्या घरी..."

टेबलावर फोन उलटाच पडला होता. मग तिच्या तोंडून निघालं ते तिचं तिलाच ऐकवेना.

"म्हणजे... मला काम नाही मिळणार?"

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसत राहिले, पुसून झाल्या तरी.

"मिळालं की," ते म्हणाले. "उद्यापासून तुला शिकवायला माझ्याकडं काही उरलं नाही."