वेळूच्या काठीचा वसा

ऐका, वतन वाटणाऱ्या देवा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, पण त्याला अजून वेस नव्हती. बाबेलच्या बंदिवासातून बारा घराणी नुकतीच परतली होती. रान ओसाड, बांध पुसलेले, पाणी काय ते मंदिराच्या उंबऱ्याखालच्या झऱ्याचं. मग त्यांनी शमाया नावाचा अधिपती नेमला. त्याची बायको सिपोरा.

एके दिवशी दारी नबी आला, देवाचा निरोप सांगणारा. त्यानं सिपोरेच्या हाती सहा हात लांब वेळूची काठी दिली. "बाई, बाई, वसा घे." "वसा घेतला तर काय करावं?" "पावसाआधी जमीन वाटावी, या काठीनं मोजावी. आधी दुसऱ्याची, मग आपली. तुमच्यात राहून ज्याला लेकरं झाली, त्या परक्यालाही भावासारखा वाटा द्यावा. अधिपतीनं आपली हद्द ओलांडू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

सिपोरा हो म्हणाली. मग संसाराच्या धांदलीत विसरली. काठी धुण्याच्या दोरीला टेकू म्हणून लागली.

वाटणीचे दिवस आले. शमाया म्हणाला, "काठीनं कधी उरकायचं? तागाची दोरी आणा." मग पहिल्या पहाटे चार घरांची जमीन मोजली, दुसऱ्या पहाटे चारांची, तिसऱ्या पहाटे चारांची. आपली मोजली भर दुपारी. लोकांना तुकडा आला. उरलेलं सगळं अधिपतीच्या बांधाला लागलं.

"अहो, एवढं कसं वाढलं?" सिपोरेनं विचारलं.

"देवानं वाढवलं. देवाचं देणं परत करू?"

नगरात केतुरा नावाची परदेशी विणकरीण होती. नवरा वारलेला, दोन मुली तिथंच जन्मलेल्या. ती पहिल्या दिवशी आली, शमाया म्हणाला, "आधी बारा घरांचं होऊ दे." दुसऱ्या दिवशी आली, म्हणाला, "उरलं तर बघू." तिसऱ्या दिवशी आली, म्हणाला, "उरलं नाही."

"महाराज, तुमच्या रानावरून कावळा निघाला तर त्याला वाटेत मुक्काम करावा लागतो. आणि उरलं नाही?"

"तोंड चालवतेस? उद्या दिवस मावळायच्या आत नगर सोड."

तशी मंदिराच्या उंबऱ्याखालचा झरा आटला.

दुसऱ्या दिवशी सिपोरेनं सकाळी धुणं वाळत घातलं. दंवानं तागाची दोरी तारेसारखी ताठ होती. दुपारी काढायला गेली, तर लुगडी मातीला टेकलेली. तिनं दोरी चिमटीत धरून पाहिली. "भिजली की आखडते, वाळली की सैल पडते. लोकांची मोजली दंवात, आमची मोजली उन्हात!" तिनं टेकूची काठी उपसली. धुणं धुळीत पडलं, तिनं मागं पाहिलं नाही. तिकडे केतुरेचं गाठोडं बांधून झालं होतं.

सभा भरली होती, तिथं ती काठी घेऊन गेली. सिपोरा म्हणाली, "अहो, मापाची दोरी खोटी आहे. आधी चूक माझी. नबीची काठी मी धुण्याला लावली."

एक म्हातारा हसला. "अधिपतीकडे आता लुगड्यांवर न्याय होतो वाटतं!"

"घरी जा," शमाया ओरडला.

"जाते. आधी तेवढी दोरी भिजवा."

मग कोरडी दोरी जमिनीवर ताणून खूण केली. मग घागरीत बुडवली, पुन्हा ताणली. खुणेला दीड हात कमी पडली. कुणी हसेना. शमायाची मान खाली गेली. "आपली मोजतानाच मला कळलं होतं," तो म्हणाला. "गप्प बसलो." मग उठला, सिपोरेच्या हातून काठी घेतली आणि स्वतः मोजायला निघाला.

बारा घरांचं मापून दिलं, झऱ्याला घोटाभर पाणी आलं. आपलं जास्तीचं सोडलं, गुडघाभर आलं. मग कुणाचं रान कुठं ते ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या, बारांत केतुरेची तेरावी घातली, तिचा वाटा बारांच्या मधोमध निघाला आणि पाणी कंबरेला लागलं.

केतुरा आपल्या रानात उभी राहिली. मुली बांधावर अंग चोरून बसल्या होत्या. "अगं, पाय पसरा," ती म्हणाली, "कुणी उठवणार नाही." आणि तिनं गाठोडं सोडलं. ते ऐकून सिपोरेनं कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

जसं केतुरेला ठाव मिळाला, सिपोरेच्या जिवाचं ओझं उतरलं, तसं तुम्हां आम्हां होवो. साठां बोलांची कहाणी, पांचां बोलीं सांगितली, ऐकणारीला सुफळ झाली.