तिसऱ्या रांगेतली कस्तुरी

एकदा एका तालुक्याच्या पेठेत, टीव्हीच्या दुकानात, एक बाई आली आणि पायरीवर चपला काढून उभी राहिली. दुकानात कोणी चपला काढून येत नाही. दुकानदाराने "असू द्या मावशी, या तशाच," म्हटले, तरी ती अनवाणीच आत आली. भिंतीवरच्या सगळ्या पडद्यांवरून तिने एकदा नजर फिरवली आणि विचारले, "दादा, ह्यातल्या कशात सगळ्यात स्वच्छ दिसतं?"

दुकानदाराचे नाव दिगंबर, आणि हा प्रश्न त्याच्या फार आवडीचा. आकडा मोठा म्हणजे वस्तू चांगली, अशी आपणा सर्वांची एक भाबडी समजूत असते. दिगंबर ती समजूत विकून पोट भरत होता असे म्हटले तर त्याच्यावर अन्याय होईल, कारण त्याची स्वतःचीही तीच समजूत होती. त्याने बाईला खुर्ची दिली आणि उत्साहाने सांगायला सुरुवात केली. हा एचडी रेडी, ह्यात ठिपके कमी. हा फुल एचडी, ह्यात त्याच्या दुप्पट. आणि हा पंचावन्न इंची फोर-के, ह्यात त्याच्याही चौपट. जितके ठिपके जास्त तितके चित्र खरे.

पंचावन्न इंची पडद्यावर कंपनीने पाठवलेली चित्रफीत चालू होती. तीत एक पोपट मान वळवत होता. "बघा मावशी," दिगंबर म्हणाला, "पिसाची रेघ न् रेघ मोजून घ्या."

"पोपट नगं," ती म्हणाली. "माणसाचं तोंड दिसंल का?"

"दिसेल म्हणजे काय? समोर बसल्यासारखं दिसेल!"

हे वाक्य दिगंबर दिवसातून दहा वेळा बोलत असे. पण ते ऐकून त्या बाईचा चेहरा असा काही बदलला की पुढचे आकडे सांगायचे त्याने सोडून दिले. तिने पिशवीतून एका कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. कापड मोरपंखी रंगाचे होते, परकराचे उरलेसुरले असावे तसे. आत एक सीडी होती.

बाईचे नाव कौसाबाई. लग्नकार्यात स्वयंपाकाची कामे धरणारी. तिला एक मुलगी होती, कस्तुरी. चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात ती नाचली, आणि त्यानंतर महिन्याभरात तापाने गेली. त्याला आता बारा वर्षे झाली होती.

"फोटो नाही का एखादा?" दिगंबरने विचारले.

"शाळंच्या दाखल्याला लावल्याला हाय एक. त्यात नेमके डोळे मिटल्यात तिचे." कौसाबाई सीडीकडे बघत बोलत होती. "परकर म्या शिवला व्हता हो. पर बगाय गेले न्हाई. त्या दिशी लग्नाचा सैपाक धरला व्हता. ती म्हणाली, आये, ये की. म्या म्हणलं, सीडी मिळणार हाय न्हवं, मग निवांत बसून बगू दोघी."

सीडी मिळाली तेव्हा कस्तुरी दवाखान्यात होती. पुढे बारा वर्षे ती सीडी ट्रंकेत पडून राहिली. नवऱ्याला हा विषय सोसत नसे. मागच्या दिवाळीत कौसाबाईने धीर करून शेजारणीच्या टीव्हीवर ती एकदा लावून पाहिली, तर तोंडच ओळखू येईना. शेजारीण म्हणाली, टीव्ही जुना आहे, नव्यात स्वच्छ दिसते. तेव्हापासून ती या खरेदीच्या मागे लागली होती. आयुष्यात घेऊन घेऊन एकच वस्तू घ्यायची होती, आणि ती एकदा मुलीचे डोळे उघडे पाहण्यासाठी.

दिगंबर मऊ मनाचा माणूस होता. तो गहिवरला. मुळात अशा वेळी काय करावे हे त्याने, त्याला हा धंदा शिकवणाऱ्या मास्तरांना विचारायला हवे होते, आणि मास्तर तर तिथेच होते, दुकानाच्या मागच्या बाजूला टेबलाशी बसून कोणाचा तरी रेडिओ उघडत. पण गहिवरलेल्या माणसाला सल्ला सुचत नाही, आश्वासन सुचते. "मावशी," तो म्हणाला, "आत्ता लावून दाखवतो. पोपटासारखं लख्ख दिसेल बघा."

त्याने पंचावन्न इंची टीव्हीला प्लेअर जोडला आणि सीडी आत सरकवली.

मांडव दिसला. ध्वनिक्षेपकाची खरखर ऐकू आली. मग मोरपंखी परकरातल्या मुलींच्या तीन रांगा पळत रंगमंचावर आल्या. कौसाबाई उठून पडद्याजवळ गेली. "तिसऱ्या रांगंत असणार," ती पुटपुटली. "उंच व्हती ना." ती आणखी पुढे गेली, पार वीतभर अंतरावर. आणि तिथे तिला जे दिसायचे ते दिसले. मुलींच्या चेहऱ्यांच्या जागी भुरकट चौकोन होते. चौकोन हलत होते, एकमेकांत मिसळत होते, पुन्हा सुटे होत होते. शेजारणीच्या टीव्हीवर निदान चेहरे असल्याचा भास तरी होता. इथे इतक्या मोठ्या, इतक्या स्वच्छ पडद्यावर तोही उरला नाही.

कौसाबाईने पदराने पडदा पुसला. मग पुन्हा पुसला.

"दादा," ती म्हणाली, "हे काय झालं हो तिचं?"

दिगंबरने रिमोट हातात घेतला. रंग वाढवले, धार वाढवली, चित्राची पद्धत बदलली. चौकोन अधिक ठळक झाले. आपण या बाईची मुलगी तिच्यासमोर दुसऱ्यांदा हिरावून घेत आहोत असे त्याला वाटले, आणि ते काही फारसे खोटे नव्हते.

तेवढ्यात मागून मास्तर आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. उमेदीची वीस वर्षे त्यांनी टूरिंग टॉकीजचे मशीन चालवले होते, जत्रेजत्रेतून तंबू ठोकत. तंबूचा सिनेमा संपला तेव्हा ते टीव्हीदुरुस्ती शिकले, आणि दिगंबरला त्यांनीच हाताला धरून शिकवली. त्यांनी सगळे ऐकले होते. पंचावन्न इंची टीव्हीचे बटण त्यांनी बंद केले आणि दिगंबरला म्हणाले, "आतला डबा टीव्ही उचलून आण."

"मास्तर, तो भंगारात काढलेला…"

"आण."

दिगंबरने तो जुना, पोट सुटलेला एकवीस इंची टीव्ही आणला. मास्तरांनी तो उंबऱ्यापाशी स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लावला आणि प्लेअर त्याला जोडून घेतला. ऊन काचेवर पडू नये म्हणून शटर अर्धे खाली ओढले. मग त्यांनी कौसाबाईची खुर्ची स्वतः उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर नेऊन मांडली.

"ताई, इथं येऊन बसा."

दिगंबरला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोरीचे तोंड बघायला आलेल्या बाईला हा म्हातारा रस्त्यापलीकडे पाठवतो आहे, तेही भंगारातल्या टीव्हीसाठी! दळण घेऊन आलेल्या दोघी-तिघी बायका टकमक बघू लागल्या. कौसाबाई मात्र मुकाट गेली आणि बसली. दुःखाने थकलेली माणसे सांगितलेले ऐकतात.

मास्तर तिच्याशेजारी उभे राहिले. "आता एक सांगा. शाळा सुटल्यावर पोरी घोळक्यानं येत असतील. सगळ्यांचा गणवेश एकच. लांबून तुम्ही कस्तुरीला कशी ओळखायचा?"

"चालीवरनं." तिला विचार करावा लागला नाही. "चपला म्या एक माप मोठ्या घ्यायची, पुढल्या वर्साला बी याव्यात म्हणून. म्हणून ती डावा पाय असा फरफटत टाकायची. पार वढ्यापासनं कळायचं, आली माजी पोर."

"मग आता तोंड शोधू नका. पाय बघा." मास्तरांनी रस्त्यापलीकडे हात केला, आणि दिगंबरने सीडी पुन्हा चालू केली.

आठ-दहा पावलांवर, छोट्या काचेत, तीन रांगा पळत आल्या. एवढ्या अंतरावरून चौकोन दिसत नव्हते, नुसत्या मुली दिसत होत्या. रांगा गोल फिरल्या. गिरणीचा पट्टा फटफटत होता, गाणे धड ऐकूही येत नव्हते. एकाएकी कौसाबाईने मास्तरांचा हात घट्ट धरला.

"ती! कडंची! बगा, डावा पाय बगा! चप्पल न्हाई हो पायात, तरीबी फरफटतीया!"

आणि ती रडू लागली. बारा वर्षांचे रडणे होते ते, आवाज न आवरता. दळणाच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. नाच चार मिनिटांचा होता. तो तीनदा लावला. तिन्ही वेळा तिने ती कडेची मुलगी अचूक दाखवली.

रडणे ओसरल्यावर तिने विचारले, "तोंड न्हाई का दिसणार मास्तर? कशातच?"

दिगंबर रस्ता ओलांडून आला होता. हा प्रश्न ऐकून त्याने मान खाली घातली.

"नाही," मास्तर म्हणाले. "ताई, तुम्हाला मी खोटं सांगणार नाही. त्या दिवशी कॅमेरा धरणारा माणूस तुमच्या पोरीला ओळखत नव्हता. त्याला अख्खा रंगमंच टिपायचा होता. त्यात तिच्या तोंडाच्या वाट्याला दहा-बारा ठिपके आले. पडदा कितीही मोलाचा आणा, दहाचे हजार करणं त्याच्या हातात नाही. तो तेच दहा ठिपके मोठे करून दाखवील. आमच्या तंबूचा पडदा ठिगळांचा होता. पुढं चिकटून बसायचे त्यांना पडद्यावरच्या बाईच्या गालावरची शिवण दिसायची. मागं खांबाला टेकून बसायचे त्यांना बाई दिसायची. जे टिपलंच गेलं नाही ते जवळ जाऊन सापडत नाही. पण तिची चाल टिपली गेलीय, नकळत. तेवढी घ्या. आणि लांबून घ्या."

कौसाबाईने समोरच्या काचेकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "म्या त्या दिशी गेले असते तर…"

अशा वेळी कोणीही म्हणाले असते, जाऊ द्या, तुमचा काय दोष. दिगंबरच्या ओठांवर तेच आले होते. मास्तरांनी हाताने त्याला थांबवले.

"हो," ते म्हणाले. "दिसलं असतं."

हे ऐकून ती पुन्हा रडेल असे दिगंबरला वाटले. ती रडली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला कोणीतरी खरे सांगितले होते. तिने मास्तरांच्या पायाला हात लावला आणि डोळे पुसले.

"मावशी," दिगंबर म्हणाला, "समोर बसल्यासारखं दिसेल म्हणालो, ते मी बोलायला नको होतं."

"तुमी चांगल्या मनानंच बोलला, दादा," ती म्हणाली. त्या बोलण्याने दिगंबरला बरे वाटले नाही.

मास्तरांनी तो डबा टीव्ही आणि प्लेअर तिला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी दिगंबर ते बसवायला तिच्या घरी गेला. घर म्हणजे एकच अरुंद खोली. टेपने मोजले तर भिंतीपासून भिंतीपर्यंत सात फूट, त्यात निम्मी जागा खाटेची. कुठेही बसले तरी टीव्ही नाकाशी. कालच्या सकाळपर्यंतचा दिगंबर असता तर त्याने टेप गुंडाळला असता आणि अडचण सांगून टाकली असती. त्याने खिडकीबाहेरचे अंगण पाहिले. मग त्याने टीव्ही खिडकीत, बाहेर तोंड करून ठेवला. खुर्ची उचलून अंगणात नेली, पावले मोजत मोजत, आणि कुंपणाच्या शेवग्याखाली मांडली. खोलीत अंधार असल्याने खिडकीच्या गजांतून चित्र छान दिसत होते.

कौसाबाई येऊन बसली. आत मुली पळत आल्या, गोल फिरल्या. कडेची मुलगी डावा पाय फरफटत फिरली.

"असं हाय बगा दादा," कौसाबाई खिडकीवरची नजर न काढता म्हणाली. "तवा म्या दारात हुबी ऱ्हाऊन तिला येताना बगायची. आता ती घरात, अन् म्या भाईर."

आज दिगंबरला कोणी विचारले, की कोणता घ्यावा, फुल एचडी की फोर-के, तर आधी तो उलट विचारतो, काय बघणार आहात आणि कुठे बसून. गिऱ्हाइकांना वाटते, हा धंद्याचा प्रश्न आहे. त्या दुपारी मात्र त्याने एवढेच केले. हत्यारांची पिशवी उचलली आणि फाटक समोर असूनही तो त्या बाजूने गेला नाही. खुर्ची आणि खिडकी यांच्या मध्ये येऊ नये म्हणून, घराला मागून वळसा घालून तो रस्त्याला लागला.